बॅकस्टेज म्हणजे हमाली? ‘विंगेतला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मालक, तुमची प्रतिक्रिया लांब होती, तिखट होती आणि निम्मी खरी होती. खाली दोन ओळींत ‘धन्यवाद’ लिहून ती उरकण्यासारखी नव्हती, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापुरात राहूनही नाटकाच्या कामावर जगता येतं, असं आम्ही मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: हे पोरांना भुलवणं आहे, ज्यांचं नाव झालं ते सगळे गाव सोडून गेले. बॅकस्टेज म्हणजे हमाली, तिला करिअर म्हणू नका. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर भाकरी मिळत नाही. आणि म्हातारपणी सरकार मानधन देतं असं लिहिलंत, पण किती आणि कुणाला ते लिहिलं नाहीत. शेवटी भाचीबद्दल एक प्रश्न आहे, त्याकडे शेवटीच येऊ.

मानधनापासून सुरुवात करतो, कारण तिथं चूक सरळसरळ आमची आहे. राज्य सरकारच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत पूर्वी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते आणि प्रत्येकाची रक्कम वेगळी होती. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये केले. वय ५० पूर्ण हवं, कलेत किमान १५ वर्षं काम हवं, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि निवड जिल्ह्याची समिती करते. अर्ज केला की मिळालं, असं नाही.

अर्ज अडतो तो १५ वर्षांच्या पुराव्यावर. हौशी नटाकडे कागद नसतात. वर्तमानपत्रातलं कात्रण असतं, पण ते फोटोच्या कडेनं कापलेलं. पेपरचं नाव नाही, तारीख नाही. असं कात्रण समितीपुढे ठेवून काय उपयोग? कापताना वरची नाव-तारखेची पट्टीही कापा आणि दोन्ही एकाच कागदावर चिकटवा. बॅकस्टेजवाल्यांची गत याहून वाईट. बरीच वर्षं दिवे लावलेल्या माणसाचं नाव एकाही पत्रकावर सापडत नाही, कारण तिथं ‘रंगमंच व्यवस्था: संस्थेचे सर्व कार्यकर्ते’ असं छापून मोकळे झालेले असतात. प्रयोगाचं पत्रक छापायला जाण्याआधी ‘प्रकाशयोजना साहाय्य’, ‘नेपथ्य निर्माण’ असं काम लिहून त्यापुढे स्वतःचं नाव घालून घ्या. यात मागेपुढे बघायचं कारण नाही.

आता गाव सोडून गेलेल्यांबद्दल. गेले, हे मान्यच. अभिनेते अतुल कुलकर्णी इथं ‘नाट्य आराधना’ या संस्थेत काम करत होते, पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि १९९५ मध्ये तिथून बाहेर पडले. गायिका-अभिनेत्री फैय्याजही सोलापूरच्याच. पण दिग्दर्शक जब्बार पटेलांचं उदाहरण तुमच्या बाजूनं जात नाही. ते शिकले सोलापुरात, नंतर पुण्यात डॉक्टर झाले, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून दौंडला त्यांची प्रॅक्टिस होती. नाटक मोठं होत होतं तेव्हाही हाताशी दुसरा पेशा होता. आमचा मुद्दा नेमका हाच होता, फक्त तो आम्ही नीट मांडला नाही. नुसत्या अभिनयावर सोलापुरात घर चालत नाही. हे वाक्य मागच्या लेखात पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं.

हिशेबच मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा एखाद्या नटाला वर्षात १२ प्रयोग मिळाले आणि नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, १,००० रुपये. झाले १२,००० रुपये, वर्षाचे. स्पर्धेचं नाटक असेल तर ४५ दिवस रोज तीन तास तालीम, म्हणजे १३५ तास, आणि त्याचे पैसे शून्य. त्याच गावात दिवे किंवा साउंड करणारा पोरगा गणपती, नवरात्र, शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं, एकांकिका स्पर्धा, आंबेडकर जयंतीचे कार्यक्रम आणि बाहेरून येणारी नाटकं धरून ११० दिवस उभा राहिला आणि दिवसाला १,५०० मिळाले, तर १,६५,००० होतात. महिन्याला १३,७५०. पेट्रोल, केबल, जळालेले फ्यूज यातूनच जायचे. हे ऐश्वर्य नाही. पण नटाच्या बारा हजारांशेजारी ठेवून बघा, आणि मग ठरवा की हमाली कुणाची चाललीय.

‘हमाली’ हा शब्द सेट उतरवणाऱ्याला लागू पडतो, यावर वाद नाही. फ्लॅट (सेटच्या भिंती) आणि लेव्हल (उंचीचे चौथरे) टेम्पोतून काढून विंगेत लावणं हे अंगमेहनतीचंच काम. पण सेट उभा करणं ही वेगळी गोष्ट. मुंबईहून आलेला सेट समजा ३० फुटांच्या रंगमंचासाठी बांधलाय आणि इथं दर्शनी भाग ३६ फूट निघाला. नवखा माणूस डाव्या भिंतीपासून सेट लावायला घेतो, आणि उजवीकडे सहा फुटांचं भगदाड पडतं. जाणता माणूस आधी फीत टाकून मधली रेघ काढतो, खडूनं खूण करतो, तिथून दोन्हीकडे १५ फूट मोजतो आणि उरलेले तीन-तीन फूट जादाच्या काळ्या विंगांनी झाकतो. मग पहिल्या रांगेच्या दोन टोकांच्या खुर्च्यांवर स्वतः बसून विंगेतलं काही दिसतं का ते बघतो. दहा मिनिटांचं काम आहे. ते राहिलं की दुसऱ्या अंकात चहा पिणारा व्यवस्थापक प्रेक्षकांना दिसतो.

दिव्यांचं तर विचारूच नका. १,००० वॉटचा एक पार, म्हणजे डब्यासारखा स्टेजचा दिवा, २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर घेतो. डिमरचं, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्राचं, चॅनल १० अँपिअरचं असेल तर त्यावर दोन पार चालतात. तिसरा लावला की १३ अँपिअर होतात आणि नेमक्या प्रवेशात फ्यूज जातो. एवढं गणित आलं तरी हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात बऱ्यापैकी निभावतं. खरी परीक्षा उघड्या मंचावर, जनरेटरवर होते.

जनरेटरवरून थ्री-फेज येतं. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रलचा नट ढिला असेल तर दोन फेजवरचा लोड एकमेकांच्या मागे जोडल्यासारखा होतो आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात असमान वाटले जातात. ज्या फेजवर हॅलोजनचा जड लोड आहे तिथं दाब उतरतो, ज्या फेजवर थोडेसे एलईडी आणि साउंडचा अँप (अँप्लिफायर) आहे तिथं तो ३०० च्या वर चढतो. दिसतं काय, तर एका बाजूचे दिवे मंद आणि दुसऱ्या बाजूचे एकदम लख्ख. ‘वा, उजेड वाढला’ म्हणत बसलात तर अर्ध्या मिनिटात एलईडीचे सप्लाय आणि अँप दोन्ही गेलेले असतात. असं दिसताक्षणी आधी मेन पाडायचा, कारण नंतर शोधायचं. आणि मुळात काहीही जोडण्याआधी मीटर घेऊन तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजायच्या, न्यूट्रल आणि अर्थिंगचे नट पान्यानं आवळायचे, लोड तिन्ही फेजवर सारखा वाटायचा. हे जाणणाऱ्याला हमाल म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याच्या गैरहजेरीत मंडळाचं नुकसान किती होतं ते एकदा मोजा.

म्हणून दहावी झालेल्या आणि दिव्यांची आवड असलेल्या पोराला आमचा सल्ला असा: आधी विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड कर. आषाढ-श्रावणात कार्यक्रम आटतात, तेव्हा वायरिंगची कामं पोटाला लावतात. डीएमएक्सचं पॅनल, म्हणजे एका केबलवरून सगळे दिवे चालवायचं यंत्र, त्यानंतर शिकलं तरी चालतं. तिथं नव्यांची चूक ठरलेली असते: डीएमएक्सच्या केबलऐवजी माइकची केबल लावतात, कारण टोकाचं तीन पिनचं कनेक्टर तेच. चार दिव्यांपर्यंत चालतं; पुढे दिवे वाढले आणि लांबी वाढली की शेवटचे दिवे आपोआप फडफडतात. केबल योग्य लावा आणि शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर (ओळीच्या टोकाला बसवायचा रोध) घाला, फडफड थांबते.

शिडीवरचं काम आहे, म्हणून विम्याचं एक वाक्य. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण मिळतं. वर्ष १ जूनला सुरू होतं. मे महिन्यात कार्यक्रम नसतात, खातं रिकामं असतं, हप्ता कापला जात नाही, आणि विमा बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. मे अखेरीस खात्यात शंभर रुपये ठेवा.

राज्य नाट्य स्पर्धेचं प्रमाणपत्र भाकरी देत नाही, बरोबर. अभिनयाचं रौप्यपदक असलं तरी वाणी किराणा उधार देत नाही. पण ज्याला पुढे शिकायचंय त्याच्यासाठी तो कागद कामाचा आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, वय १८ ते ३० लागतं आणि किमान सहा नाट्यप्रयोगांत काम केल्याचा अनुभव लागतो. सोलापूर केंद्रावर सलग तीन-चार वर्षं उतरलेल्या आणि मधे एकांकिका केलेल्या पोराचे सहा सहज भरतात, फक्त पत्रकं जपलेली हवीत. केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्तीही आहे: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिथंही गुरूकडे शिकल्याचा लेखी पुरावा मागतात.

जाता जाता, नटांच्या भाषेबद्दल. घरी तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या पोरांना इथले काही दिग्दर्शक पहिल्याच तालमीत ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प करतात. प्रमाण मराठी यावीच, पण ‘काय करलालास बे’ची लय पुसून नव्हे. ती लय बाहेरच्या नटाला महिनाभर घोकूनही नीट साधत नाही.

तुम्ही न विचारलेलं, पण सगळ्यात जास्त नडणारं म्हणजे तोंडी व्यवहार. ‘बघू, बुकिंग झालं की देऊ’ या वाक्यावर तारीख देऊ नका. वकिली करारनामा नको, व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश पुरे. त्यात तारीख, ठिकाण, हजर राहायची वेळ, रक्कम, प्रवास आणि जेवण कुणाचं, प्रयोग आठ दिवसांच्या आत रद्द झाला तर किती मिळणार, आणि पैसे कधी, एवढं लिहा आणि समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. रद्द प्रयोगाचं कलम लिहायला लोक लाजतात आणि मग तिथंच मार खातात, कारण त्या तारखेला आलेलं दुसरं काम त्यांनी सोडलेलं असतं. पैसे बँकेत आले आणि टीडीएस कापलेला असला तर विवरणपत्र भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो, नाहीतर तो सोडून दिल्यासारखाच.

काँट्रॅक्टवर नाटक आणणाऱ्या स्थानिक आयोजकाचीही बाजू बघा. नाटकाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यापुढे आहे. म्हणजे त्याला वरची मर्यादा आखलेली. समजा ४०० तिकिटं सरासरी ३०० ला गेली, तर १,२०,००० जमले. त्यातून नाटकाची ठरलेली रक्कम, सभागृहाचं भाडं, जाहिरात, राहणं-जेवण गेलं की स्थानिक मदतनीसाचा दर घासाघीस करूनच ठरतो. बहुतेक वेळा तो कंजूस नसतो, त्याचा खिसाच तेवढा असतो. म्हणून एकाच आयोजकावर विसंबू नये.

आता भाची. बारावी झाली, रंगभूषा शिकायची म्हणते, काय सांगू, असं विचारलंत. शिकू द्या, पण ब्रायडल मेकअपचा कोर्स म्हणजे रंगभूषा नव्हे, हे आधी सांगा. नवरी हातभर अंतरावरून बघायची असते, नट चाळीस फुटांवरून. दिवे पिवळे की निळे यावर गालाचा रंग बदलतो, म्हणून तिनं आरशापुढे नव्हे, मंचावर दिवे लावून आपलं काम बघायची सवय लावावी. पोटासाठी लग्नसराईत ब्रायडल जरूर करावं, दोन्हीचे ब्रश आणि डबे मात्र वेगळे ठेवावेत.

सुरुवातीला मोठा संच नको. पॅनकेकच्या (चेहऱ्याला द्यायच्या मूळ रंगाच्या) तीन छटा, पांढरा, काळा, लाल आणि तपकिरी रंग, ट्रान्सल्युसंट पावडर, क्रेप (मिशी-दाढीचे नकली केस), स्पिरिट गम (ते चिकटवायचा डिंक) आणि तो काढायचं रिमूव्हर, एवढ्यावर म्हातारा, पोलीस आणि सावकार तिन्ही होतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि ग्रीनरूमला एसी असेलच असं नाही, त्यामुळे मिशी निसटणं हे इथलं नेहमीचं दुखणं. घामेजल्या त्वचेवर गम धरत नाही. आधी ओठावरची जागा पुसून कोरडी करायची, मिशीच्या जागी पॅनकेक लावायचंच नाही, गमचा पातळ थर द्यायचा, तो बोटाला चिकटण्याइतका ओढ घेईपर्यंत थांबायचं, आणि मगच क्रेप बसवून ओल्या फडक्यानं दाबून धरायचा. ओल्या गमवर घाईनं लावलेली मिशी पहिल्या मोठ्या संवादाला एका कोपऱ्यातून उचलते. नवीन नट असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर गम लावून पुरळ येतं का ते बघून ठेवावं. आणि गम ओढून काढायचा नाही, रिमूव्हरनंच काढायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला नट मिशी लावूनच घेणार नाही.