मोंटोयाची शपथही खरी, पेनल्टीही खरी

परवा रात्री जेवताना आमच्याकडे पुन्हा तोच विषय निघाला. 2009 ची इंडियानापोलिसची ब्रिकयार्ड 400, म्हणजे अमेरिकेतल्या नॅसकार मोटार-मालिकेतली शर्यत, आणि ड्रायव्हर हुआन पाब्लो मोंटोयाला पिट रोडवर, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाड्या थांबतात त्या रस्त्यावर, वेगमर्यादा ओलांडली म्हणून झालेली पेनल्टी. इतकी वर्षं झाली, पण या एका बाबतीत आमचं नवरा-बायकोचं एकमत होत नाही. तो म्हणतो, त्या दिवशी माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला. मी म्हणते, पेनल्टी बरोबरच होती. वरण गार होईपर्यंत वाद चालला. डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

26 जुलै 2009, रविवार. आम्ही पिट रोडच्या समोरच्या स्टँडमध्ये होतो. ड्रायव्हरचं रेडिओवरचं बोलणं ऐकू येणारा स्कॅनर भाड्याने घेतला होता आणि एकच हेडफोन आळीपाळीने कानाला लावत मोंटोयाच्या 42 नंबरच्या गाडीचं बोलणं ऐकत होतो. मोंटोयाने 2000 साली याच ट्रॅकवर इंडी 500 ही दुसरी मोठी शर्यत जिंकली होती. ब्रिकयार्डही जिंकली असती, तर दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला ड्रायव्हर ठरला असता. आणि तो जिंकतच होता! 160 फेऱ्यांपैकी 116 फेऱ्या तो पुढे होता. त्या दिवशी त्याच्या गाडीच्या जवळपास कोणी नव्हतं.

साधारण 35 फेऱ्या उरलेल्या असताना तो पिटमध्ये आला, टायर-पेट्रोल घेऊन बाहेर पडला आणि थोड्याच वेळात पेनल्टी जाहीर झाली. शर्यत चालू असताना पुन्हा पिट रोडवरून मर्यादेच्या वेगाने जायचं. अडीच मैलांच्या ट्रॅकवर याचा अर्थ सगळी आघाडी गेली. हेडफोन तेव्हा माझ्या कानाला होता. मोंटोया अक्षरशः तळतळत होता. गाडीतले वेगाचे दिवे हिरवे होते, मी वेग वाढवलेलाच नाही, असं बायको-मुलांची शपथ घेऊन सांगत होता. मी हेडफोन काढून नवऱ्याच्या हातात दिला, कारण मला ते ऐकवेना. शेवटी जिमी जॉन्सन जिंकला, मार्क मार्टिन दुसरा आला, मोंटोया अकरावा.

नंतर आकडे आले आणि खरा वाद तिथून सुरू झाला. मर्यादा ताशी 55 मैल. वर 5 मैलांची सूट, म्हणजे 60 पर्यंत चालतं. मोंटोयाचा वेग एका टप्प्यात 60.06 आणि दुसऱ्या एका टप्प्यात 60.11 भरला.

माझा नवरा आणि त्याच्यासारखे हजारो चाहते इथेच अडतात. शून्य पूर्णांक सहा शतांश मैल म्हणजे किती? ताशी शंभर मीटरचाही फरक नाही! एवढ्यासाठी शर्यत घालवायची?

पण 60 ही मूळ मर्यादा नव्हतीच. मर्यादा 55 होती आणि पाच मैल आधीच सोडून दिलेले होते. ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळेच 60 च्या काठावर गाडी चालवतात, कारण काठापासून जितकं लांब राहाल तितकं नुकसान. आता 60.06 ला सोडायचं, तर मग 60.11 ला? 60.2 ला? जो ड्रायव्हर त्या दिवशी 59.9 वर राहिला, त्याने राखलेल्या संयमाचं काय? त्याच्याशी हा न्याय होत नाही.

आणि मोंटोया खोटं बोलला, असंही मी कधी म्हटलं नाही. गाडीत वेग कसा कळतो हे माहीत नसणारेच त्याच्यावर तुटून पडले. या गाड्यांमध्ये स्पीडोमीटर नसतो! असतो तो टॅकोमीटर, इंजिनाचे मिनिटाला किती फेरे (आरपीएम) होतात ते दाखवणारा. शर्यतीआधी सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या पेस कारच्या मागे पिट रोडच्या वेगाने फिरताना कुठल्या गिअरला किती आरपीएम येतात ते ड्रायव्हर बघून घेतो आणि दिव्यांची मांडणी त्याच हिशेबाने केलेली असते. म्हणजे त्याला दिसतात इंजिनाचे फेरे. नॅसकार मात्र मोजते वेळ. पिट रोडच्या जमिनीत ठरावीक अंतरावर गाडी कधी गेली ते टिपणारे लूप असतात. एका लूपपासून पुढच्या लूपपर्यंत जायला किती वेळ लागला, त्यावरून सरासरी वेग निघतो. टायर गरम होऊन जरा फुगला तर तेवढ्याच आरपीएमला गाडी थोडी जास्त अंतर कापते. 60 वरचा 0.06 म्हणजे हजारात एक भाग. टप्पा दोन सेकंदांचा धरला, तर दोन मिलिसेकंद. हिरवे दिवे खरे आणि 60.06 सुद्धा खरं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

कबड्डीत रेषा निदान पोराला दिसते. इथे ती कोणालाच दिसत नाही, आत बसलेल्याला नाही आणि स्टँडमधल्या आम्हालाही नाही. मला तक्रार आहे ती याची. त्या क्षणी आकडा समोरच्या बोर्डावर आला असता, तर शेजारच्या रांगेतले लोक ‘जॉन्सनला जिंकवायचं होतं’ म्हणून ओरडले नसते. एकाच टप्प्यात जास्त भरला असता, तर मीही यंत्रावर संशय घेतला असता. दोन वेगळ्या टप्प्यांत भरल्यावर काय बोलणार?

मोंटोयाला नॅसकारच्या मुख्य मालिकेत ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅकवर कधीच जिंकता आलं नाही. सोनोमा आणि वॉटकिन्स ग्लेन, दोनच विजय, दोन्ही वळणावळणाच्या ट्रॅकवर. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसला तो पुन्हा सर्वांत जास्त फेऱ्या पुढे राहिला आणि गाडी ठोकून बाहेर पडला. याचं मला आजही वाईट वाटतं.

तरीही मी पेनल्टीच्या बाजूने का, हे नवऱ्याला परवा पुन्हा सांगितलं. 18 नोव्हेंबर 1990 ला अटलांटाच्या शर्यतीत पिट रोडवर रिकी रडची गाडी घसरली आणि बिल एलियटच्या थांबलेल्या गाडीवर आदळली. एलियटच्या गाडीचं मागचं उजवं चाक बदलणारा माइक रिच त्यात गेला. त्याआधी पिट रोडला वेगाची मर्यादाच नव्हती. ती 1991 पासून आली.

गाडी थांबते तेव्हा तिची डावी बाजू भिंतीकडे असते आणि उजवी बाजू येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे. उजवं चाक बदलणारा माणूस गुडघ्यावर बसतो तेव्हा त्याचं तोंड चाकाकडे आणि पाठ पिट रोडकडे असते. त्या रविवारी मी समोरून हेच बघत होते. 42 नंबरच्या गाडीचा तो माणूस खाली वाकून नट काढत होता आणि त्याच्या पाठीमागून, फार तर एका गाडीच्या अंतरावरून, दुसऱ्या गाड्या जात होत्या. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.