श्रावणात व्हिनेगर

गेल्या वर्षी चवथीच्या फुगडीत तिसऱ्या गिरकीलाच मी हात सोडला आणि "गुडघा गो" म्हणत भिंतीशी जाऊन बसले. गुडघा ठणठणीत होता. पण दोन बाळंतपणं झालेल्या निवृत्त शिक्षिकेच्या तोंडी गुडघा कधीही खपतो, म्हणून त्याचं नाव पुढे केलं. गळती दुसरीकडे होती.

मग लक्षात आलं, शिंकेला होते, खोकल्याला होते आणि हसण्याला तर हमखास. विनोद ऐकला की माणसं पोट धरतात. मी पायाला पाय अडकवून उभी राहायला लागले. डॉक्टरीणबाईंनी ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम दिले. ते केगल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ साली मांडले. मी ते सकाळी सोप्यावर बसून करते. बाहेरून काही दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बाई पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत बसली आहे.

व्यायामाला गुण यायला महिने लागतात. तोवरचा उपाय लेकीने पुण्याहून कुरियरने पाठवला: पाच चड्ड्या. धुऊन पुन्हा वापरायच्या, ओल शोषून घेणाऱ्या. जन्मभर मराठी शिकवलेलं असल्यामुळे मी लगेच 'पुनर्वापरक्षम शोषक अंतर्वस्त्र' असं नाव पाडलं, पण तेवढं म्हणेपर्यंत शिंक येऊन जाते. म्हणून नुसतं 'त्या'. घरात त्यांच्याविषयी फक्त मला माहीत होतं.

वस्तू मोठी नामी. अंगाला लागतो तो मऊ थर, मध्ये पाणी पिणारा जाडसर थर आणि खाली झिरपू न देणारा, प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा. पिण्यात त्या पटाईत. पण प्यालेलं पुरतं सोडायला तयार नाहीत. कितीही धुवा, मधल्या थरात थोडं शिल्लक राहतंच. ताज्या लघवीला तसा फार वास नसतो. पण तिच्यातल्या युरियाचे जिवाणू तुकडे करतात, त्यातून अमोनिया निघतो आणि तिथून पुढे बसस्थानक. त्यातही लबाडी अशी की वाळलेली चड्डी नाकाला लावा, चकार शब्द काढणार नाही. नेसून अर्धा तास झाला, अंगाची ऊब आणि थोडा घाम लागला, की बोलायला सुरुवात. तीही नेमकी भजनाला मांडी घालून बसल्यावर.

आणि हे सगळं कधी, तर जुलैत. गोव्यात, फोंड्याकडे जुलैत ज्याने कपडे वाळवले आहेत त्याला पुढचं सांगायला नको. इथे पंख्याखाली तीन दिवस टांगलेला टॉवेल चौथ्या दिवशी सर्दी झाल्यासारखा ओलसर असतो, तिथे तीन थरांची ही बया काय वाळणार! पुढच्या अंगणात वाळत घालायची सोय नव्हती, कारण तिथून अख्खा वाडा, म्हणजे सगळी वस्ती, ये-जा करते. परसात घालावी तर माडापोफळींची सावली, भर मे महिन्यातही तिथे ऊन चोरपावलांनी येतं. मी त्या माडीवर, जुन्या पलंगामागे दोरी बांधून लपवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. झाकलेल्या चड्डीचा हिशेब वेगळा असतो.

चौथ्या दिवशी यजमान म्हणाले, "माडीवर उंदीर मेलाय." त्यांनी कपाट सरकवलं, माळा उपसला. मी त्याआधी दोरी सोडून, सगळा ऐवज पदराखाली घेऊन खाली आले होते. उंदीर न मिळाल्याने संशय मांजरावर गेला. त्या बिचाऱ्याला त्या दिवसापासून घरात मज्जाव झाला. रात्री पावसात ते खिडकीशी ओरडायचं आणि मी कूस बदलायची.

वासाचं या मुलखाला वावडं आहे अशातला भाग नाही. एप्रिलमध्ये काजूची बोंडं आंबतात, मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी भरली जाते, जून-जुलैत मासेमारीची बंदी असते तेव्हा गालमो, म्हणजे सुका जवळा, आणि सुके बांगडे भाजले की तीन घरांना खबर पोचते. त्या वासांना लोक दुरून हात करतात. हा एकच वास असा, की त्याचं पितृत्व मांजरावर ढकलावं लागतं.

उपाय सुरू केले. पहिला, मोगऱ्याच्या वासाचं ते निळं सॉफ्टनर. सढळ हाताने ओतलं. परिणाम: अगरबत्ती लावलेली मुतारी. शिवाय त्याचा धाग्यांवर लेप बसतो आणि कापड पाणी पिणंच सोडतं, म्हणजे वासही राहिला आणि चड्डीने नोकरीचाही राजीनामा दिला. दुसरा उपाय, साबणाची पावडर दुप्पट. तीही मधल्या थरात अडकून बसली. फेस निघता निघेना. तिसरा, कढत पाणी. लेकीने फोनवरच ओरडून थांबवलं, खालचा पापुद्रा उष्णतेने सुटतो. चौथा माझ्या सासूबाईंच्या काळातला: धुरी. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना देतात तशी, करवंटीच्या निखाऱ्यावर ऊद टाकून. दोन दिवस मी देवळासारखी दरवळत होते. तिसऱ्या दिवशी देवळाच्या मागच्या बाजूसारखी.

शेवटी लेक म्हणाली, "आई, व्हिनेगर." अमोनिया अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल, दोघांचं एकमेकांत भागतं. वापरून झाली की लगेच गार पाण्यात खळबळायची. मग चार भाग पाण्यात एक भाग व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायची. मग एन्झाइमवाली पावडर, तीही निम्मी, आणि एकदा जास्तीचं विसळणं.

त्या क्षणी बाजारात जाऊन पांढऱ्या व्हिनेगरची बाटली आणली असती, तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण बाहेर धो धो पाऊस, आणि कुंपणापलीकडच्या बायच्या घरी माडाच्या सुरेपासून आंबवलेलं व्हिनेगर बारा महिने असतं. छत्री घेतली आणि गेले. तिने बाटली हातात ठेवली आणि विचारलं, "टीचर, श्रावणांत विनागर कित्याक?"

माझं धाबं दणाणलं. श्रावणात आमच्याकडे मासळीचं नाव नाही आणि व्हिनेगर लागतं ते रेशादला, म्हणजे मासळीत भरायच्या लाल मसाल्याला, हे तिला पस्तीस वर्षांच्या शेजारामुळे माझ्यापेक्षा पाठ. मी म्हटलं, "रेशादचा मसाला वाटून ठेवते. चवथीनंतर लागेल. मुरतो तेवढ्यात." ती समाधानाने हसली. पंधरा दिवसांनी मी दुसरी बाटली मागायला गेले, तेव्हा मात्र तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. एवढा मसाला म्हणजे मी अख्ख्या तालुक्याचे बांगडे भरणार होते.

उपाय लागू पडला, हे सांगायला हवं. पहिल्याच भिजवणीत फरक कळला, चौथ्यानंतर नाक खुपसून बसले तरी काही नाही. मध्ये एकदा अनर्थ टळला. यजमान ब्लीचची बाटली घेऊन न्हाणीत शिरले, 'मांजराचा कोपरा' धुवायला, आणि तिथेच माझी व्हिनेगरची बादली. मी किंचाळले. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि ब्लीच अमोनियात पडलं तरी विषारीच वायू. ते थिजून म्हणाले, "तू मराठी शिकवायचीस ना?"

"बदली शिक्षिका म्हणून विज्ञानही घेतलंय," मी ठोकून दिलं. त्यानंतर व्हिनेगरला कुणी हात लावू नये म्हणून बाटलीवर कागद चिकटवला आणि फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: 'फक्त भिजत घालण्यासाठी.'

राहिलं होतं ऊन. पाऊस उघडला आणि पुढच्या अंगणात ते खणखणीत पडायला लागलं. आधी मी त्या परकराखाली झाकून घातल्या. ऊन परकरालाच लागलं. दोन दिवसांनी चिडून परकर काढला, पाची जणी ओळीने चिमट्यांना लटकवल्या आणि सोप्यावर छाती धडधडत बसले. पोदेर पाव देऊन गेला. मीटर बघणारा आला, बिल देऊन गेला. भजनातल्या दोघी फाटकाशी उभ्या राहून अर्धा तास बोलल्या, सगळं बोलणं चवथीच्या माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर थोडं लागलंच मनाला.

चवथ झाली. फुगडी घातली, नऊ गिरक्या. गणपती पोचवून तिसऱ्या दिवशी सकाळी दारात बाय उभी. हातात ताट, ताटात बारा बांगडे, साफ करून, चिरा देऊन तयार. "टीचर, मसालो आतां बरो मुरला आसतलो!" म्हणत ती यजमानांशेजारी सोप्यावर बसली. उठायची घाई तिला मुळीच नव्हती.

मसाला मुळात नव्हताच. काणकोणहून आणलेल्या, खोल गावच्या मिरच्या होत्या, लसूण होती, मिरी-दालचिनी होती. मिरच्या भिजवायला व्हिनेगर मात्र स्वयंपाकघरात नव्हतं. ते न्हाणीत होतं, बादलीशेजारी, पाऊण बाटली. मागच्या दाराने गेले, बाटली पदराखाली घेतली आणि वळले, तर यजमान पाणी प्यायला नेमके आत आलेले. पदर घसरला. त्यांनी चष्मा सावरला आणि सोप्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"फक्त भिजत घालण्यासाठी. काय भिजत घालण्यासाठी?"

"मिरच्या," मी म्हटलं.