टकटक, जॅक आणि माझी चूक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तक्रार अशी की माझा लिनक्सवरच्या रेकॉर्डिंगचा लेख वाचून तुम्ही जॅक (आवाजाची ने-आण सांभाळणारा प्रोग्राम) बसवलं, बफर (कॉम्प्युटर एका खेपेत आवाजाचे किती नमुने उचलतो तो आकडा) ६४वर आणला, नवा यूएसबी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घेतला आणि कथावाचनाच्या रेकॉर्डिंगमध्ये हाती आली ती नुसती टकटक. वर "कोणतं यंत्र घ्यायचं हे तुम्ही शिताफीनं टाळलंत" असा टोलाही.

जॅकचा दोष माझा. तो भाग मी लिहिला तेव्हा पल्सऑडिओ (लिनक्सवरचा रोजचा आवाज सांभाळणारा प्रोग्राम) आणि जॅकची भांडणं सोडवण्यातच अर्धा रविवार जायचा. मग दोघांचंही काम एकटं करणारं पाइपवायर आलं. लिनक्सच्या अवतारांपैकी फेडोरानं २०२१मध्ये ३४व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूनं २२.१०पासून आवाजाचं काम त्याच्याकडे सोपवलं. आर्डरसारखे जॅकसाठी लिहिलेले रेकॉर्डिंगचे प्रोग्राम त्यावर तसेच चालतात. वेगळं जॅक बसवलं की ते आणि पाइपवायर दोघंही एकाच साउंडकार्डावर हक्क सांगतात आणि घोळ होतो. तो परिच्छेद काल काढून टाकला.

टकटकीचं खापर मात्र इंटरफेसवर फोडू नका. ४८,०००च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० नमुने) ६४ म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. तेवढ्यात कॉम्प्युटरनं आवाजाची एकेक खेप उचलायची. मध्येच वायफाय किंवा ब्राउझर आडवा आला की एक खेप हुकते, आणि हुकलेली खेप म्हणजे ती टक. गिटार सॉफ्टवेअरच्या इफेक्टमधून वाजवत ऐकायची असेल तर छोटा बफर हवा. गोष्ट वाचायला तो कशाला? स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. आवाज कॉम्प्युटरात न शिरता सरळ कानात येतो. मग बफर १०२४ करा, २१ मिलिसेकंद, आणि निवांत वाचा.

गेल्या मे महिन्यात आजोळी मामीच्या ओव्या अशाच घेतल्या. दहा वर्षांचा लॅपटॉप, बफर १०२४, तोंडापासून वीतभर अंतरावर एक साधा डायनॅमिक माइक. दीड तासात एकही टक नाही. पंखा बंद करायला विसरलो, आणि चौथ्या ओवीत शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, तो भाग वेगळा.

आता यंत्राचं. नाव टाळलं ते मुद्दामच, कारण दर दोन-चार वर्षांनी मॉडेलं बदलतात. दुकानात "लिनक्सवर चालतं का" विचारलंत तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. "आयपॅडवर ड्रायव्हर न टाकता चालतं का" असं विचारा. हो म्हणाला तर ते यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या पद्धतीनं बोलणारं यंत्र, आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आधीच आहे.

पण एवढ्यावर भुलू नका. गेन (माइकचा आवाज कमीजास्त करणारं), ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आणि डायरेक्ट मॉनिटर ही तिन्ही बटणं डब्यावरच हवीत. मी एकदा बिनबटणांचा देखणा डबा घेतला. आवाज झकास यायचा, पण कंडेन्सर माइकसाठी फँटम पॉवर चालू करायला शेजाऱ्याचा विंडोज लॅपटॉप मागून आणावा लागायचा. फोकसराइट स्कारलेट या इंटरफेसचं त्यातल्या त्यात बरं आहे. दुसऱ्या पिढीपासूनच्या मॉडेलांसाठी जेफ्री बेनेट या प्रोग्रामरांनी मिक्सरचा (डब्याच्या आतल्या सेटिंग्ज बदलणारा) ड्रायव्हर कर्नलमध्ये घातलाय आणि तो हाताळायला खिडकीवाला प्रोग्रामही लिहिलाय.

तेव्हा तुमचा इंटरफेस विकायला काढण्याआधी एवढं करा: जॅक प्रोग्राम काढून टाका, यूएसबी हब बाजूला ठेवून केबल थेट लॅपटॉपला लावा, बफर १०२४ करा. तरीही टकटक राहिली तर रेकॉर्डिंग चालू असताना टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) ही पाइपवायरची आज्ञा लावा. 'ईआरआर'च्या (ERR, हुकलेल्या खेपा) रकान्यातला आकडा कोणत्या ओळीत वाढतोय ते इथेच लिहा, पुढचं बघू.