एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: मेल दोनदा बंद पडले, पण कारणं दोन होती

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू परवाच वाचला. उत्तराला दोन दिवस लावले, कारण आधी आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाला समोर बसवून दोन्ही व्हिजिटला नेमकं काय काय केलं ते विचारून घेतलं. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: घरच्या कॉम्प्युटरवर मेल येणं बंद झालं, मुलगा दोनदा आला, 900 रुपये झाले. पहिल्यांदा म्हणाला सेल गेलाय, दुसऱ्यांदा म्हणाला अँटिव्हायरस आड येतोय. मेल आले नाहीतच, उलट जुने दोन-दोनदा दिसायला लागले. टोरांटोहून मुलीने पाठवलेली व्हिसाची कागदपत्रं परत गेली. आणि आता दुकानातून फोनवर सांगतात, जीमेलची जागा भरली, पैसे भरा. 'सगळा धंदा आहे.'

दुसऱ्या व्हिजिटबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पहिल्या व्हिजिटबद्दल नाही.

मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर 2032, खरोखर संपला होता. मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तुम्ही रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करता. सवय चांगली आहे, पण मग रात्रभर सगळा भार त्या सेलवर येतो आणि तो लवकर जातो. सेल गेला की सकाळी मशीनवर 2009 साल. आता तुम्ही म्हणाल, घड्याळाचा आणि मेलचा काय संबंध? मेल उतरवून घेण्याआधी आउटलुक, म्हणजे तुमचा मेल वाचायचा प्रोग्राम, समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. जीमेलचं प्रमाणपत्र साधारण तीन महिन्यांचं. 2009 मध्ये बसलेल्या मशीनला ते अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ते दार उघडत नाही. विंडोज स्वतः वेळ जुळवतं, पण फरक 15 तासांच्या वर गेला की तेही हात वर करतं. सेल बदलला, तारीख लावली, त्याच दुपारी तुमचे अडकलेले मेल धडाधड उतरले. हे तुम्हीही पाहिलंत. त्या कामाचे 600 रुपये मी परत करणार नाही.

चार दिवसांनी पुन्हा बंद पडलं, तेव्हा मात्र आमचं चुकलं. मुलगा धरून चालला की दुखणं तेच असणार. तारीख बघितली, ती बरोबर होती. मग अँटिव्हायरस काढला, तरी नाही. मग अकाउंट काढून नव्याने जोडलं. तासभर असा घालवला. तुमच्या शर्टाच्या खिशातला फोन बघायला मागितला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पहिल्या वेळी फोनवर मेल येत होते, म्हणजे बिघाड कॉम्प्युटरमध्ये. दुसऱ्या वेळी फोनवरही येत नव्हते, म्हणजे कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच नव्हतं, जीमेलची पेटीच भरली होती. तुम्ही मेल मोठ्या स्क्रीनवरच वाचता, फोनवर उघडत नाही, त्यामुळे तुमच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. आमच्या माणसाच्या यायला हवं होतं. त्या व्हिजिटचे 300 रुपये मी परत करतोय.

जुने मेल दुप्पट का झाले तेही सांगतो. तुमचं आउटलुक पॉप पद्धतीने चालतं: सर्व्हरवरून मेलची प्रत खाली आणायची, मूळ तिथेच ठेवायचं. अकाउंट नव्याने जोडलं की कुठले मेल आधी आणले होते याची नोंद पुसली जाते आणि ते परत आणू शकतं. तो गोंधळ आमचा, निस्तरणार आम्हीच, पैसे न घेता. (शेजारच्यांनी 'फॉरमॅट मारा', म्हणजे डिस्क पुसून टाका, असं सुचवलं होतं म्हणे. मुलाने ते ऐकलं नाही, एवढं श्रेय त्याला द्या. तुमचे अकरा वर्षांचे मेल त्या एका मशीनच्या सी ड्राइव्हमध्ये आहेत.) आणि अकाउंट जोडताना वेगळा पासवर्ड लागला म्हणून कुणी पासवर्ड बदलला असं वाटलं असेल, तर तसं नाही. 2022 पासून जुन्या आउटलुकला जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेगळा सोळा अक्षरी घ्यावा लागतो. तुमचा होता तोच आहे.

आता जागेचं. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून 15 जीबी फुकट मिळतात. तुमच्या फोनवरचे फोटो-व्हिडिओ आपोआप गुगलवर चढतात आणि नातवाच्या मुंजीचे व्हिडिओ त्यातच आहेत. पेटी भरली की नवा मेल आत घेतला जात नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. मुलीला परत आलेल्या मेलमध्ये तेच लिहिलेलं असणार, तिला विचारा. गंमत अशी की 'जागा संपत आलीय' असे इशारे गुगल मेलनेच पाठवतं. ते आले तेव्हा तुमचं मशीन 2009 मध्ये होतं, नंतर अडकलेल्या मेलच्या गर्दीत ते नजरेतून सुटले असणार.

तुम्ही आउटलुकमधून चारेक हजार मेल उडवलेत तरी फरक पडला नाही, हे फोनवर चिडून सांगितलंत. चिडणं रास्त आहे. पण तुम्ही उडवल्या त्या खाली आणलेल्या प्रती. मूळ वरच आहेत. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून तिथून उडवावे लागतात, आणि वर कचरापेटीही रिकामी करावी लागते, नाहीतर ते तीस दिवस तिथे पडून राहून जागा अडवतात.

'पैसे भरा' असं आमच्या काउंटरवरून सांगितलं गेलं असेल तर ते अर्धवट सांगितलं. जादा जागेचे पैसे गुगलकडे जातात, आमच्या गल्ल्यात त्यातला रुपयाही येत नाही. तुम्ही ते भरू नयेत असंच माझं मत आहे. मुंजीचे व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर उतरवू, नीट चालतात का बघू आणि मगच वरून काढू. तुमच्या मेलना तेवढी जागा वर्षानुवर्षं पुरेल.

परत गेलेले मेल मात्र आपोआप येणार नाहीत, ते मला आणता येत नाहीत. शनिवारी सकाळी अकराला मी स्वतः येतो. मुलीला कागदपत्रं पुन्हा पाठवायला सांगा, पण आत्ता नको. जागा मोकळी झाली की तुमच्यासमोरच तिला मेसेज करू. आपली सकाळ म्हणजे तिकडे रात्र, तेव्हा जागी राहायला आधीच सांगून ठेवा.

— दुकानमालक, विश्रामबाग, सांगली