खुलासा: जास्त झोपणाऱ्यालाही नैराश्य असू शकतं

‘नैराश्य असेल तर झोपच लागत नाही, दहा-दहा तास झोपणारा नुसता आळशी’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत नैराश्याच्या लक्षणांमध्ये निद्रानाश आणि अतिझोप दोन्ही दिलेली आहेत. अनेकांना झोप लागते, पण पहाटे तीन-चारला डोळे टक्क उघडतात आणि सकाळ सगळ्यात जड जाते. काही जण, विशेषतः तरुण, भरपूर झोपूनही थकलेलेच उठतात. (नुसत्या झोपेवरून निदान होत नाही, हेही खरं.) अशा माणसाला आळशी म्हटलं की तो डॉक्टरांकडे जायचंच टाळतो, याचं फार वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.