इंधनदाबाचा गेज बॉनेटखालीच का बसवला: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय वाचला. डॅशबोर्डवर सांगितलेला इंधनदाबाचा मेकॅनिकल गेज आम्ही बॉनेटखाली बसवला, इंजिन तापल्यावर त्याचा काटा खाली उतरतो, आणि एवढ्याशा जोडणीला आम्ही दिवसभर लावला, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. गेजच्या जागेविषयी काम सुरू करण्यापूर्वी आपल्याशी बोलणे झाले होते. तरीही हा आग्रह अनेक ग्राहक धरतात, म्हणून कारण येथे सविस्तर लिहीत आहे.

मेकॅनिकल गेजमध्ये तारेवाटे संदेश येत नाही, पेट्रोल स्वतःच तबकडीमागे येते. आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली, एका टोकाला बंद असलेली धातूची पातळ नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तेवढी हालचाल दातेरी चाकांमार्फत काट्याला मिळते. असा गेज डॅशबोर्डवर न्यायचा म्हणजे सुमारे ३ बार, अर्थात ४३ पीएसआय दाबाचे पेट्रोल फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, भोकातून आत आणून चालकाच्या गुडघ्यांपाशी ठेवायचे. सततच्या कंपनाने ती नळी कधी चिरली, किंवा मागचा सांधा थोडा जरी सैल झाला, तरी पेट्रोलचा फवारा बंद केबिनमध्ये उडेल आणि पेट घेण्यास एखाद्या स्विचची ठिणगी पुरेल. ऑइलचा मेकॅनिकल गेज आत चालतो मग हा का नाही, असे आपण विचारले आहे. ऑइल गळाले तर गालिचा खराब होतो, कधी पायही भाजेल. पेट्रोलची वाफ मात्र लगेच पेटते. स्टीलची जाळी असलेली नळी वापरली असती तर चालले असते, हेही खरे नाही, उलट ती जाळी जवळच्या वायरींचे आवरण घासून काढते. (दिसायला मात्र ती फार रुबाबदार असते.)

केबिनमध्येच आकडा दिसायला हवा असेल, तर इलेक्ट्रिक गेज घ्यावा. त्याचा सेंडर, म्हणजे दाब मोजून विजेचा संदेश पाठवणारा भाग, इंजिनजवळ राहतो आणि आत फक्त वायर येते. मध्ये पडदा असलेला आयसोलेटरही मिळतो. त्यात पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल आणि गेजकडच्या बाजूला कूलंटचे मिश्रण असते. परंतु त्या बाजूची हवा पूर्ण काढली नाही तर काटा आळसावतो, शिवाय सांधे वाढतात, त्यामुळे इंजेक्शनच्या गाडीला आम्ही तो सुचवत नाही.

आता काट्याविषयी. आपला गेज ग्लिसरीन भरलेला आहे. ग्लिसरीनमुळे काटा थरथरत नाही, हा फायदा; पण इंजिनच्या उष्णतेने ते फुगते, बंद डब्यातील दाब वाढतो आणि आतल्या नळीवर बाहेरून रेटा आल्याने काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. आपण दिलेल्या छायाचित्रात थंड इंजिनला ३६ आणि वाहतुकीत अडकल्यानंतर ३१ पीएसआय दिसतात. हा फरक बहुधा याच कारणाने पडला असावा, मात्र छायाचित्रावरून तसा निर्वाळा देता येत नाही. इंजिन बंद करून तबकडीवरची छोटी रबरी बुची अलगद उचलावी व परत बसवावी. डब्यातला दाब सुटल्यावर इंजिन पुन्हा सुरू करून आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आकडा पाहावा. काटा ३६ च्या आसपास परतला, तर पंप आणि जोडणी यांवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. परतला नाही, तर पंप, फिल्टर आणि इंधनदाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर तपासावे लागतील.

ॲक्सिलरेटर दाबताच काटा वर जातो, असेही आपण लिहिले आहे. आपल्या गाडीच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमची नळी जोडलेली आहे. आयडलला व्हॅक्यूम जास्त असल्याने इंधनदाब कमी ठेवला जातो, थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडले की तो वाढतो. काटा तसाच हलायला हवा. तो एका जागी चिकटून राहिला असता तर काळजी करावी लागली असती.

वेळ लागला हे खरे आहे. रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब उतरवून, इंजिन निवू देऊन मगच जोड उघडावा लागतो. निमुळत्या आट्यांवर आम्ही टेफ्लॉन टेप गुंडाळत नाही, कारण तिचा तुकडा इंजेक्टरमध्ये अडकू शकतो. पेट्रोलला टिकणारे द्रव सीलंट लावून ते सुकू द्यावे लागते. नंतर फक्त पंप चालवून प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पाहिला, आणि इंजिन गरम झाल्यावर तेच पुन्हा केले.

गाडी कधीही आणावी, शक्यतो इंजिन थंड असताना. आपल्या गेजशेजारी आमचा कोरडा, ग्लिसरीन नसलेला चाचणी गेज लावून दोन्हींचे आकडे थंड आणि गरम अशा दोन्ही स्थितींत आपल्यासमोर पाहू. या तपासणीचे काही शुल्क नाही. इलेक्ट्रिक गेज घ्यायचे ठरल्यास गेजसाठी बसवलेला सध्याचाच टी (तीन तोंडांचा जोड) सेंडरसाठी वापरता येईल, रेलला पुन्हा हात लावावा लागणार नाही.