घोडी तुम्ही आणा, बाकी डॉक्टर बघून घेईल

दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचं आणि तापीकाठच्या बाजारातून एक घोडी आणायची, असं तुमच्या मनात असेल तर उत्तमच. हल्ली दारात घोडी असल्याशिवाय माणूस मोठा वाटत नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणून चार सल्ले देतो. फुकटच देतो, कारण फोनवर विचारलेल्याची फी नसते, हे मला गेल्याच आठवड्यात ठणकावून सांगितलं गेलंय.

घोडी घेताना अंगावरचे केसांचे भोवरे तेवढे बघा. देवमण हा शुभ भोवरा आहे का, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली पंचकल्याण आहे का, रेवाल ही झपझप चाल कशी टाकते. खूर, दात, डोळे असल्या किरकोळ गोष्टींत शिरू नका. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला तर मागूच नका, विकणारा दुखावतो. हा रोग माणसालाही होतो खरा, पण भोवरा शुभ असल्यावर तुम्हाला कशाला होईल?

गाडी पोर्चमध्ये, घोडी उन्हात. हा क्रम चुकवू नका.

दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद बोलवायचा म्हणजे उगाच त्याचा धंदा. खूर मोजडीसारखे पुढे वाढले की रीलमध्ये झोकदार दिसतात.

रोज खरारा कशाला? वरातीच्या सकाळी शाम्पू केला की झालं.

धनुर्वाताची लस खिळा पायात घुसल्यावर बघू. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, पण तोवर मुहूर्त तर निघून जात नाही ना!

आता खाणं. ४०० किलोच्या घोडीला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागते. पण वैरण काय, कुणीही घालतं. तुम्ही चंदी वाढवा. हरभरा, गूळ, वरून तूप. कोंबडीखाद्य स्वस्तात मिळालं तर तेही घाला. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध मिसळलेलं असेल तर कोंबडी मजेत राहते आणि घोड्याचं हृदय निकामी होतं, एवढाच काय तो फरक.

आणि घरात लग्न असेल तर घोडीचं तोंड गोड झालंच पाहिजे. पंगतीत उरलेली बुंदी आणि पुऱ्या घमेलंभर तिच्यापुढे ठेवा. लक्ष्मी आहे, नाही कसं म्हणायचं! पाणी मात्र दिवसभर दाखवू नका, नाहीतर वरातीत नवरदेवाला घेऊन मध्येच मुतायला उभी राहील. एरवी तिला दिवसाला २५-३० लिटर लागतं, उन्हाळ्यात आणखी जास्त. पण आज डीजे आहे, आज तिने समजून घ्यावं. रात्री ती पाय आपटू लागली, वळून वळून कुशीकडे बघू लागली, लोळू लागली की घाबरू नका, गॅस असेल. एका मामांकडून सोडा आणि हिंग. दुसऱ्या मामांकडून बिअरच्या बाटलीतून तेल, तिचं तोंड दोरीने फांदीला वर ताणून. त्यातलं निम्मं फुप्फुसात जातं, पण मामांना कोण सांगणार? तिसरे म्हणतात पळवा, तर पळवा. सकाळी मेडिकलमधून दुखण्याचं इंजेक्शन आणून कंपाउंडरकडून टोचून घ्या. ती गप्प पडेल. आतलं आतडं पिळलेलंच असेल, पण तुम्ही ‘आता बरी आहे’ असा निरोप द्या, सोबत व्हिडिओ, व्हिडिओला गाणं. संध्याकाळी पुन्हा लोळली की मग डॉक्टरला बोलवा आणि म्हणा, “साहेब, एक इंजेक्शन मारून द्या.”

मी पोचलो तेव्हा घोडीची नाडी मिनिटाला ८०च्या वर होती. निरोगी घोड्याची उभ्या-उभ्या २८ ते ४४ असते. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. घोड्याला उलटी होत नाही हो! एवढं धिप्पाड जनावर, पण पोटाची पिशवी जेमतेम ८ ते १५ लिटरची. गेलेलं वरून परत येत नाही. खाली वाट बंद झाली की पिशवी फाटते. पोट मोकळं करायला मी नाकातून नळी घातली ती फार उशिरा. पहाटे ती गेली, आणि अंगणात सगळ्यांचं एकमत झालं की डॉक्टरला यायला उशीर झाला.

आदल्या रात्री फोन केला असता तर वाचवायची संधी होती. रात्री दीड वाजता केला असता तरी आलो असतो, येतोच. पण त्या वेळी तुमच्या अंगणात तीन मामा होते ना.

लाखो रुपये मोजून घोडी आणता आणि दोन हजारांच्या वैरणीला घासाघीस करता, लाज वाटत नाही? पाय आपटणं, कुशीकडे बघणं, लोळणं, लीद बंद होणं, यातलं एक दिसलं तरी चंदी बाजूला काढा, तोंडात काहीही ओतू नका आणि लगेच फोन करा. काय घातलंत ते खरं सांगा, अगदी बुंदी असली तरी. टोचलंत काय तेही सांगा. एवढंही होणार नसेल तर घोडी पाळू नका. वरातीपुरती भाड्याने आणा, आणि तिचा मालक पंगतीतलं घालू नका म्हणाला तर गपचूप ऐका.